कॅम्प चारमधली प्रोफेसर अदी

मालिनी टिपणीस कॉलेजात नक्की काय शिकवते, हे अंबरनाथ पश्चिमेत कुणालाच धड सांगता येत नसे. तिच्या आईला, राजाबाईंना, तर मुळीच नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका हमखास विचारत आणि राजाबाई मोठ्या तोऱ्यात "अर्थशास्त्र" म्हणून मोकळ्या होत. इथवर ठीक चाले. पण कुणी पुढे विचारलं, की बँकेचं का, तर नाही. शेतीचं का, तर तेही नाही. "सगळ्याचं," राजाबाई सांगत. "सगळ्या देशाचं, एकदम." एकदा स्टेशनमास्तरांच्या बायकोनं हे ऐकून अत्तरदाणी हातातच धरली आणि कळवळून विचारलं, "एवढं एकटीला झेपतं का हो?"

वडील आण्णा काडेपेटीच्या कारखान्यात लाकडाच्या यार्डावर अधिकारी होते. त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावून घेतला होता. काडीच्या टोकाला गूल नीट बसलं का, हे बघणारा माणूस वेगळा आणि अख्खा कारखाना कशानं चालतो, कशानं अडतो, हे बघणारा वेगळा. आपली मालू दुसऱ्या प्रकारातली, असं ते मित्रांना सांगत. मालिनीला ही व्याख्या एवढी आवडली होती, की पुढे वर्गात ती सर्रास वापरी.

१९४९ साली ती पहिल्या वर्गात एम.ए. झाली. विद्यापीठातले तिचे गुरू प्रोफेसर दिनानाथ सबनीस म्हणजे शेतीकर्ज आणि सहकारी पतपेढ्या या विषयांतला शेवटचा शब्द. पहिल्या वर्गातली विद्यार्थिनी डॉक्टरेट करणार म्हणजे ती पतपेढ्यांवरच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. तालुकासुद्धा निवडून ठेवला होता. मालिनीनं चाचरत सांगितलं, की तिला दुसरंच काही करायचंय. सगळ्या वस्तूंचे भाव एकाच वेळी का चढतात आणि एकाच वेळी का कोसळतात, एकीकडे धडधाकट माणसं रिकामी बसलेली असताना दुसरीकडे कामं का पडून राहतात, असलं. या शाखेला तिकडे इंग्लंड-अमेरिकेत मॅक्रो म्हणत आणि तिथे तिचा मोठा बोलबाला होता. आपल्याकडे अजून तिला धड मराठी नावही मिळालेलं नव्हतं.

सबनीस सरांनी तपकिरीची चिमूट ओढली. "पतपेढीला पत्ता असतो, बाई. तिथे जाता येतं. तुमच्या या मॅक्रोकडे जायला गाडी कुठली?"

मालिनीकडे उत्तर होतं, पण सरांपुढे ते काढायचा धीर नव्हता. गाडी नकोच होती, पायी जाता येत होतं. त्यांच्या घरापासून कल्याण कॅम्पची हद्द चालत जाण्याच्या अंतरावर होती. महायुद्धात पलटणींसाठी बांधलेल्या बराकी ओस पडल्या होत्या. फाळणी झाली आणि कराची, शिकारपूर, हैदराबाद सोडून आलेली सिंधी माणसं त्या बराकींत उतरली. आली तेव्हा ना दुकान होतं ना धंदा. पण बघता बघता कुणी पापड लाटायला बसलं, कुणी त्या पापडवाल्याला पीठ आणून विकलं, कुणी पीठवाल्याची लेंगेसदऱ्यांची शिलाई घेतली. एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई, हे वाक्य मालिनीनं परीक्षेसाठी पाठ केलं होतं. कॅम्पात ते तिला चालतं-बोलतं दिसलं. एरवी देशाएवढ्या मोठ्या आकाराची, म्हणून कुणाच्या नजरेत न मावणारी गोष्ट इथे तिच्या समोर, डोळ्यांत मावेल एवढी होऊन उभी राहत होती. ते बघून तिला जो आनंद झाला होता, तो ती कुणाला सांगू शकली नव्हती.

सरांनी आठवडाभर नाराजी धरली आणि मग परवानगी दिली. एवढंच नाही, तर मुंबईच्या एका कॉलेजात तिच्यासाठी शब्दही टाकला. १९५०च्या जूनमध्ये ती तिथे लेक्चरर म्हणून लागली. पहिल्याच तासाला, राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे काय ते सांगून झाल्यावर, मागच्या बाकावरून एकानं उठून विचारलं, देशाचं कळलं, पण मॅडमचं किती? वर्ग खिदळला. "देशाच्या सरासरीपेक्षा थोडं जास्त," मालिनी म्हणाली. "आणि तुम्ही नापास झालात तर तुमच्यापेक्षा बरंच जास्त. बसा." त्यानंतर त्या वर्गानं तिला त्रास दिला नाही.

आता गुळाची गोष्ट.

कॅम्प चारमध्ये वीरूमल नावाचा शिकारपूरचा किराणा व्यापारी होता. गूळ, शेंगतेल, मिरी, हिंग. माणूस तोंडाचा गोड आणि आवाजाचा दांडगा. त्याच्याकडचा गूळ स्वच्छ म्हणून राजाबाई त्याच्याचकडून घेत आणि पिशवी धरायला मालिनी सोबत जाई. ती कॉलेजात प्रोफेसर आहे, हे कळल्यापासून तो तिला 'प्रोफेसर अदी' म्हणू लागला. अदी म्हणजे ताई.

१९५१ सालचं ते. कोरियात लढाई पेटल्यापासून जगभर भाव भडकले होते. अमेरिका दिसेल ते विकत घेऊन कोठारं भरत होती आणि तिच्या मागोमाग सगळं जग. कॅम्पातही ज्याला जेवढं जमेल तेवढा माल तो भरून ठेवत होता, कारण आज घेतलेलं उद्या महागच होणार, याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. दिवाळीनंतर एकदा वीरूमलनं ढेप फोडता फोडता विचारलं, "अदी, तुम्ही शिकलेल्या. सांगा, माल भरू का सोडू?"

मालिनीला तेव्हा असं कुणी विचारतच नसे. कॉलेजात सहकारी तिच्या विषयाला हसत, घरी तो कुणाला कळत नसे. ती खुलली. राजाबाईंनी दोनदा कोपरानं ढोसलं तरी ती सांगतच राहिली. लढाई थंडावत चालली आहे, अमेरिकेची कोठारं भरली, तिकडची खरेदी आटते आहे, इकडे बँकांनीही कर्जाचा हात आखडता घेतलाय. तेव्हा हे भाव असे टिकायचे नाहीत. होळीच्या आत उतरतील, असं मला वाटतं.

वीरूमलच्या कानात शिरलं ते एवढंच, की होळीच्या आत उतरतील. 'असं मला वाटतं' हे शब्द तराजूच्या खडखडाटात कुठे गेले, कळलं नाही. त्यानं दुसऱ्या दिवसापासून माल सोडायला सुरुवात केली. मेव्हण्याला सांगितलं, मेव्हण्यानं शेजाऱ्याला. आणि १९५२च्या फेब्रुवारीत, होळी अजून पुढे असताना, देशभर भाव गडगडले. गूळ, तेल, मिरी, सोनं, सगळंच. मोठमोठ्या पेढ्यांचं धाबं दणाणलं. वीरूमलचं कोठार मात्र रिकामं, म्हणजे सुरक्षित होतं. पेढ्यांचा पुडा घेऊन तो टिपणिसांच्या घरी आला, राजाबाईंच्या पाया पडला, आणि परत जाताना वाटेत जो भेटेल त्याला सांगत गेला.

पुढच्या रविवारी आण्णा वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर आले, तर ओट्यावर बसायला जागा नव्हती. कॅम्पातली माणसं आली होती. दुसऱ्या रविवारी त्याहून जास्त. गूळ आणखी पडेल का, तेल केव्हा घ्यावं, याबरोबरच मुलीचं लग्न या वर्षी करावं का, कराचीतल्या घराचा मोबदला सरकार देईल का, हेही प्रश्न होते. एकानं तर हातच पुढे केला. खरवईचा चंदर पाटील गवताचा व्यापार करायचा. बदलापूरहून मुंबईच्या तबेल्यांना गवत धाडायचा. तो पहाटेच येऊन पहिला नंबर धरायचा. "बाय, गवताचा भाव काय व्हनार तेवरा सांगा. मी बाकी काय इचारीत नाय," तो म्हणायचा आणि मग बाकीचंही विचारायचा. राजाबाई चहा करून थकल्या, पण मनातून सुखावल्या होत्या. पोरगी काय शिकवते ते आता सांगत बसावं लागत नव्हतं.

मालिनी वरवर वैतागत होती. आतून तीही सुखावली होती. स्वतःचा अंदाज खरा ठरला, हे कुठल्या अर्थतज्ज्ञाला आवडत नाही? तिनं तर सबनीस सरांना भेटल्यावर सहज बोलल्यासारखं ते सांगूनही टाकलं. सरांनी फक्त तपकीर ओढली.

तिसऱ्या रविवारी गर्दी पांगल्यावर एक बाई मागे राहिली. पांढरा दुपट्टा, उंच बांधा, वय असेल चाळिशीचं. नाव ईश्वरी. नवरा फाळणीच्या वाटेवरच गेलेला. कॅम्प चारमध्ये ती छोटं दुकान चालवायची. ती प्रश्न विचारायला आलेली नव्हती. संक्रांतीला तिळगुळासाठी मराठी वस्तीत गूळ खपतो, म्हणून तिनं होतं नव्हतं ते घालून गूळ भरला होता. पण संक्रांतीच्या आधीच, डिसेंबरात, कॅम्पातला भाव कोसळला. शेजारचे दुकानदार मिळेल त्या किमतीला माल फेकू लागले. तिलाही फेकावा लागला. दुकान आता बंद होतं.

मालिनीनं हळहळून समजूत घालायचा प्रयत्न केला. ही जगभरची मंदी होती, फेब्रुवारीत तर सगळीकडेच भाव पडले, ठेवला असता तर आणखी तोटा झाला असता.

"फेब्रुवारीपर्यंत मी ठेवणारच नव्हते," ईश्वरी म्हणाली. तिचं बोलणं हिंदी आणि नुकत्याच शिकलेल्या मराठीच्या मिश्रणातलं होतं, पण शब्द अगदी स्वच्छ. "संक्रांतीला विकणार होते. संक्रांतीला कल्याणात भाव चांगला होता. आमच्या कॅम्पात पडला. आमच्याच कॅम्पात का पडला?"

"लोक घाबरले असतील. अफवा उठली असेल काही."

"हो, उठली. अफवा कुणाची होती, अदी?"

एवढं बोलून ती उठली आणि निघून गेली. आवाज तिनं एकदाही चढवला नाही.

मालिनीनं सगळ्यात आधी केलं ते काय, तर ती स्वतःशी भांडली. एका प्राध्यापिकेच्या दोन वाक्यांनी बाजार पडतो का? तिच्या शास्त्रात भाव पडायला मागणी घटावी लागते, पैसा आटावा लागतो; गुळाच्या दुकानात उभं राहून कुणी काही बोललं, याला तिथे जागाच नव्हती. पण ती प्रामाणिक बाई होती. पुढचे दोन शनिवार तिनं कल्याणच्या घाऊक बाजारात आणि कॅम्पात चौकशा करण्यात घालवले. ईश्वरीचं अक्षर न् अक्षर खरं निघालं. डिसेंबरभर कल्याण जागच्या जागी होतं आणि हाकेच्या अंतरावरचा कॅम्प घसरत होता. वीरूमलनं माल सोडला, ते बघून मेव्हण्यानं, ते बघून बाकीच्यांनी. भाव पडणार म्हणून सगळ्यांनी विकलं, आणि सगळ्यांनी विकलं म्हणून भाव पडला.

हे हाती लागलं तेव्हा तिला आधी लाज वाटली. आणि मग, त्याच लाजेच्या पाठीला पाठ लावून, असा काही आनंद झाला, की त्या आनंदाचीही लाज वाटली. प्रबंधासाठी ती दोन वर्षं जे हुडकत होती, ते हेच होतं. माणसं उद्याबद्दल काय समजतात त्यावर आज काय करतात हे ठरतं, आणि आज जे करतात त्यातून उद्या घडतो. सगळ्या देशाचे भाव असेच हलत असणार. पण ते सापडलं होतं एका बाईच्या बंद दुकानात, आणि ते दुकान बंद पाडायला तिचाही हातभार लागला होता.

ती ईश्वरीच्या बराकीत गेली. सिंधी घरच्या रीतीप्रमाणे आधी पाणी आणि पापड पुढे आला. मालिनीनं पापडाला हात लावण्याआधीच सांगून टाकलं, की तुमचं खरं होतं, माझ्या बोलण्यानं भाव पडला.

"खरं होतं ते मला ठाऊक आहे," ईश्वरी म्हणाली. "पापड खा." मालिनीनं तुकडा मोडल्यावर ती म्हणाली, "तू बोललीस ते वीरूमलच्या कानात. माझ्या कानात कोण बोललं? बोलायचं तर सगळ्यांसमोर बोल, नाहीतर बोलू नकोस."

त्यातलं दुसरं मालिनीला सोपं वाटलं. पुढच्या रविवारी तिनं ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, की यापुढे ती भावाबद्दल एक अक्षरही बोलणार नाही. लोक एकमेकांकडे बघत उठले. मालिनीनं सुटकेचा निःश्वास सोडला.

तो फार टिकला नाही. आठवडा संपायच्या आत वीरूमल धापा टाकत आला. कॅम्पात गोंधळ उडाला होता. अदी बोलत नाही म्हणजे बातमी एवढी वाईट आहे, की तिला सांगवत नाही, असं समजून अर्धे लोक माल फेकत होते. उरलेल्यांचं म्हणणं, भाव चढणार आहे आणि अदीनं ते फक्त वीरूमलला सांगितलंय. ते वीरूमलच्या दुकानासमोर ठिय्या देऊन तो काय घेतो यावर डोळा ठेवून होते. बिचाऱ्यानं घरच्या आमटीसाठी पावशेर चिंच घेतली, तर दुपारपर्यंत चिंच महाग झाली.

आण्णा हसून हसून आडवे झाले. "मालू, तू बोललीस तरी बाजार हलतो आणि गप्प बसलीस तरी हलतो. तुला गाव सोडावं लागणार."

गाव सोडण्याऐवजी मालिनी पुन्हा ईश्वरीकडे गेली आणि तिच्या पहिल्या पर्यायाबद्दल, सगळ्यांसमोर बोलण्याबद्दल, बोलली. दोघींनी मिळून कॅम्प चारमधल्या एका बराकीतली शाळेची खोली रविवार सकाळपुरती मागून घेतली. फळा होता, खडू मालिनीनं आणले. येईल त्याला अर्थशास्त्र शिकवायचं, सगळ्यांना, एकदम, उघड्यावर. काय होणार ते मी सांगणार नाही. कसं ओळखायचं तेवढं सांगीन, मग ज्याचं त्यानं ठरवावं, असं तिनं पहिल्या दिवशी बजावलं. ज्यांना समजेना त्यांच्यासाठी ईश्वरी ते सिंधीत सांगायची, आणि मूळ भाषणापेक्षा तिचं भाषांतर नेहमी लांब असायचं.

पहिले चार रविवार लोक फक्त इशारा शोधत होते. तिनं फळ्यावर घर, दुकान, गिरणी आणि पुन्हा घर असं वर्तुळ काढलं, पैसा कसा फिरतो ते दाखवलं, तर वीरूमलनं हात वर करून विचारलं, "आणि गूळ?" शेवटी तिनं नियमच केला, की भाव विचारेल त्यानं सगळ्या वर्गाला चहा पाजायचा. पहिल्या महिन्यात वीरूमलनं एवढा चहा पाजला, की इतर लोक त्याला मुद्दाम डिवचू लागले.

मग हळूहळू रंग बदलला. निर्यात म्हणजे काय, सरकारनं धरण बांधायला घेतलं तर त्या मजुरीचा पैसा आपल्या दुकानापर्यंत कसा पोहोचतो, बँकेनं व्याज वाढवलं तर घाऊकवाला का चाचरतो, हे लोकांच्या डोक्यात उतरू लागलं. कुणाच्या सरळ, कुणाच्या वाकडं. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर एका रविवारी वर्गात तेलाच्या भावावरून वाद पेटला. निम्मे म्हणाले चढणार, निम्मे म्हणाले उतरणार, आणि दोन्ही बाजू फळ्यावरच्या वर्तुळाकडे बोट दाखवत होत्या. मालिनी खुर्चीत मागे टेकून ऐकत राहिली. चंदर पाटील कपाळाला हात लावून म्हणाला, "बाय, तुमी तं आमाला आजून गोंधलात टाकलाव."

"तेच तर पाहिजे होतं, चंदरभाऊ," मालिनी म्हणाली. सगळे एकाच बाजूला धावत नसतील तर होडी उलटत नाही, हे तिनं त्याला चहा पिताना समजावलं. त्याला ते लगेच पटलं, कारण उल्हास नदीत त्यानं गवताच्या भाऱ्यांची होडी चालवली होती. ईश्वरीचं दुकान दिवाळीला पुन्हा उघडलं. तिनं तेलाबाबत कुणाचंही ऐकलं नाही, मालिनीचंही नाही, आणि तिला तोटा झाला नाही.

प्रबंधाचा विषय बदलायचा होता, म्हणून मालिनी सबनीस सरांकडे गेली. नवं शीर्षक, 'अपेक्षा आणि सर्वसाधारण किंमतपातळी'. सरांनी शीर्षक दोनदा वाचलं आणि विचारलं, की यात गूळ आहे का. आहे, ती म्हणाली.  मग एका रविवारी सर अंबरनाथच्या शिवमंदिराचं दर्शन घ्यायचं निमित्त करून पत्नीसह आले आणि वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसले. मालिनीच्या हातातला खडू तुटला. शेजारी बसलेल्या वीरूमलला वाटलं, कुणी नवीन व्यापारी. त्यानं सरांना प्रेमानं जवळ ओढून एका रुपयाचे फिरता फिरता देशात पाच कसे होतात, ते समजावून सांगितलं. समजावलं ते सपशेल चूक होतं, पण एवढ्या खात्रीनं, की सर मान डोलावत राहिले. निघताना ते मालिनीला म्हणाले, "तुमच्या मॅक्रोला पत्ता आहे म्हणायचा. शिक्षक मात्र बदला, तो तुमचा शिकारपुरी गुळवाला बँक बुडवील."

१९५३-५४च्या सुमाराला वर्गात श्यामकांत गुप्ते येऊ लागला. अंबरनाथला नव्यानं उभ्या राहिलेल्या यंत्रांच्या कारखान्यात तो इंजिनिअर होता. त्याला काही विकायचं नव्हतं, काही भरायचं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, की तुमच्या या वर्तुळात सरकार कुठे बसतं. आणि मालिनीला कबूल करावं लागलं, की ते तिनं सोयीसाठी पुसलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यानं तिच्यासाठी लाकडाचा मोठा कंपास करून आणला, कारण तिची वर्तुळं अंडाकृती येत. ईश्वरीनं तो कंपास हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि सिंधीत काहीतरी बोलली. ते मात्र तिनं मराठीत करून सांगितलं नाही.

सगळं इतकं सरळ झालं नाही. १९५४ साली एका कॉलेजात वरच्या जागेसाठी मुलाखत होती. समितीनं तिच्या संशोधनाबद्दल एक प्रश्न विचारला आणि लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का, याबद्दल तीन. तिनं उलट विचारलं, की मुलाखतीला आलेल्या पुरुषांनाही हे विचारलंत का. जागा दुसऱ्याला मिळाली. घरी येऊन ती दोन दिवस अंथरुणात पडून राहिली. तिसऱ्या दिवशी रविवार होता, तेव्हा उठून वर्गावर गेली.

तोंडी परीक्षा १९५६मध्ये झाली. दक्षिणेकडून आलेले वयस्क परीक्षक होते, डोळ्यांवर जाड भिंगं, बोलणं अगदी मऊ. त्यांनी पहिला तासभर तिला आकडेवारीच्या प्रकरणावरून सोलून काढलं, आणि त्यांचं म्हणणं योग्यच होतं. मग प्रबंध बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "भाकीत केल्यानंच जर घटना बदलत असेल, तर तुमच्या विषयाला शास्त्र म्हणायचं कसं? खगोलवाल्यानं ग्रहण सांगितलं म्हणून चंद्र वाट बदलत नाही."

सबनीस सर खिडकीबाहेर बघत होते. मालिनीला ओटा आठवला, ईश्वरी आठवली.

"चंद्राला ऐकू येत नाही, सर," ती म्हणाली. "माणसाला येतं. आम्ही ज्यांचा अभ्यास करतो, ते आमचं ऐकत असतात. तेव्हा आम्ही काय बोलतो तेही मोजमापात धरावं लागेल. अवघड आहे, पण ते सोडून दिलं तर मग आम्ही नक्की कशाचा अभ्यास करतोय?"

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. आकडेवारीचं प्रकरण पुन्हा लिहून आणा, म्हणाले. बाकी पसंत आहे. बाहेर आल्यावर मालिनीला रडू आलं, ते त्या प्रकरणाच्या विचारानं. सबनीस सरांनी पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, की एवढ्यानं सुटलात. त्यांच्या स्वतःच्या प्रबंधात तीन प्रकरणं पुन्हा लिहावी लागली होती आणि हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

ते प्रकरण लिहायला वर्ष गेलं. श्यामकांतनं आलेख काढून दिले, आणि त्या आलेखांच्या निमित्तानं तो टिपणिसांच्या घरी इतका येऊ लागला, की राजाबाईंनी एक दिवस त्याच्या आईला निरोप धाडला. १९५७च्या वैशाखात लग्न झालं. सासूबाईंनी सुनेबद्दल विचारलं, की ती काय शिकवते, तेव्हा राजाबाईंनी या वेळी न अडखळता सांगितलं, "लोक काय समजतात, त्याचं गणित." मालिनीला वाटलं, प्रबंधाचं शीर्षक हेच ठेवायला हवं होतं. लग्नाला अर्धा कॅम्प चार लोटला होता. वीरूमलनं गुळाची अख्खी ढेप आहेर म्हणून आणली आणि वऱ्हाडी मंडळींना ती उचलताना घाम फुटला.

त्याच पावसाळ्यात डॉक्टरेट हाती आली आणि दुसऱ्या वर्षी विद्यापीठात रीडरची जागा. मुलाखतीत कुणीही लग्नाबद्दल विचारलं नाही; ते उरकलं होतं म्हणून असेल. कॅम्पातला वर्ग एव्हाना तिच्याशिवाय चालत होता. ईश्वरी आणि आणखी दोघं मिळून तो घ्यायची आणि त्यात वर्तमानपत्राचं वाचन आणि भांडण असा निम्मा निम्मा कार्यक्रम असायचा. मालिनी आणि श्यामकांतनं बदलापूरला, नदीकडच्या बाजूला, लहानसं घर घेतलं.

एम.ए.ला तिच्या विषयाचा स्वतंत्र पेपर १९५९ साली सुरू झाला. विभागातल्या जुन्या मंडळींना तो टिकेल असं वाटत नव्हतं. पहिल्या वर्षी चार विद्यार्थी आले. त्यातला एक आठवड्यातच संख्याशास्त्राकडे पळाला. उरलेल्या तिघांना तिनं एका रविवारी बदलापूरला जेवायला बोलावलं. त्यातली मीनल नावाची मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी वरणभात कालवता कालवता ती अचानक म्हणाली, की मॅडमचं बेकारीवरचं कालचं म्हणणं तिला मुळीच पटलेलं नाही.

"का?" मालिनीनं विचारलं.

मीनल सांगू लागली. दुसरे दोघेही त्यात पडले. ताटं वाळली, तूप थिजलं, तरी कुणी उठेना. श्यामकांतनं सगळ्यांना पुन्हा एकदा भात वाढला आणि आपली खुर्ची जवळ ओढून घेतली.